डेड स्टोरेजचा दुसरा अल्बम

सहकारनगर, पुणे
११ फेब्रुवारी २०२५

उत्तरेश्वर,

तू मला फोनवर, व्हॉट्सॲपवर, इन्स्टावर आणि ईमेलवरही ब्लॉक केलं आहेस. पोस्टखात्यात अजून ती सोय नाही, म्हणून हे पत्र. मांजरी गावात उसाच्या शेतात उगवलेल्या तुझ्या त्या बारा मजली टॉवरपर्यंत पोस्टमन पोचतो, असं गृहीत धरलंय.

तनयाने पाठवलेला लिफाफा मिळाला. बास वाजवणाऱ्या मुलीला आता जासूदाचं कामही देता, हे बघून बँडची प्रगती लक्षात आली. लिफाफ्यात तुमच्या नव्या अल्बमची लिंक होती आणि एक छापील ना हरकत पत्र. त्यावर मी सही करायची. का, तर 'डेड स्टोरेज' हे नाव माझ्या नावावर नोंदलेलं आहे आणि त्या नावाने अल्बम काढायचा तर कंपनीला मूळ मालकाची सही लागते. चार वर्षांपूर्वी मी फॉर्म भरत बसलो होतो तेव्हा तुम्ही तिघं मिसळ खायला गेला होतात. माणसाने मिसळ जरूर खावी. अधूनमधून फॉर्मही भरावेत.

नावही मीच सुचवलेलं, हे तुझ्या लक्षात असेल. धरणाच्या तळाशी उरतं पण कुठल्याच कालव्यात येत नाही ते पाणी म्हणजे डेड स्टोरेज, हे खडकवासल्याच्या काठावर कणीस खाता खाता मी तुला समजावून सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, "भारी हाय." मी म्हणालो, "आहे."

आता अल्बमचं नाव वाचलं. 'गुरुवारी पाणी बंद'. हे अल्बमचं नाव आहे की महापालिकेचं प्रकटन? आपल्या पहिल्या अल्बमचं नाव 'थ्रोन ऑफ स्प्लिंटर्स' होतं. अर्थ तुमच्यापैकी कुणालाच कळला नव्हता, पण टी-शर्टवर शोभायचं. मेटलकोअर म्हणजे एका माणसाने घसा फाटेस्तोवर किंचाळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याखाली भिंत पाडल्यासारखं वाजवायचं. त्यात पाण्याच्या वेळापत्रकाला जागा नाही. पण तुमची नवी गायिका पाणीपुरवठा खात्यात ज्युनिअर इंजिनिअर आहे असं तनयाच्या चिठ्ठीत वाचलं, तेव्हा उलगडा झाला. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार?

सही करायची की नाही ते ऐकून ठरवीन. तुमच्यात कान असलेला माणूस मी एकटाच होतो. घाई करू नका.

अनिरुद्ध


२३ फेब्रुवारी २०२५

उत्तरेश्वर,

तुझं उत्तर आलं नाही. नुसतं नावात असून उपयोग नाही.

अल्बम ऐकला. एकदा. अभिप्राय देतोय, फुकट.

पहिल्या गाण्यात चाळीस सेकंद नळातून हवा येण्याचा आवाज. पाणी यायच्या आधी नळ खोकतो तो. 'थ्रोन'मध्ये आपण दुसऱ्या सेकंदाला सुरू व्हायचो, कारण श्रोत्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही हे मेटलचं पहिलं तत्त्व. नंतर तुझी गिटार येते. तीन स्वरांचा रिफ, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. तीन. माझ्या वेळी तू एका रिफमध्ये अकरा स्वर कोंबायचास आणि मी तेरा मागायचो. आता तीन वाजवतोस आणि मध्ये एवढी मोकळी जागा सोडतोस की तिथे एखाद्या बिल्डरने टॉवर उभा केला असता. बरं, तीन स्वर वाजवून निघून जावं, तर ते कुसळासारखे रुतून बसतात. ऑफिसमध्ये दोन दिवस मी टेबलावर तेच बडवत होतो. शेजारच्याने जागा बदलून घेतली.

तिसरं गाणं 'वरात'. ढोल-ताशे घातले नाहीत याबद्दल आभार. पण सूरजच्या ड्रम्सचं काय केलंत? 'थ्रोन'च्या वेळी मी त्याला क्लिकला बांधून ठेवला होता, कानात टकटक करणाऱ्या त्या संगणकाच्या ठोक्याला. केसभर सुटला की पुन्हा पहिल्यापासून. एका गाण्याचे एकोणचाळीस टेक झाले होते, आठवतंय ना? आता तो प्रत्येक मात्रेला जरासा मागे. डुलत, रेंगाळत, एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांना तर पूर्ण रस्ता अडवून उभा राहतो, वरात चौकात थांबते तशी, आणि मागे तुमची सगळ्यांची वाहतूक तुंबते. मग तो सोडतो. हे मेटलमध्ये चालत नाही. तिथे अंगावर काटा येतो ही गोष्ट वेगळी. काटा थंडीनेही येतो.

चौथ्या गाण्याचं नाव 'हाय ते हाय'. उत्तरेश्वर, मी तुला हॉस्टेलच्या जिन्यात उभा करून इंग्रजी शब्द घोटून घ्यायचो. तू केम गावाहून आलेला, 'वर्ल्ड' म्हणताना तीन जागी ठेचकाळायचास. सगळ्यांसमोर तुझा उच्चार सुधारला, म्हणून तर पहिल्या अल्बमला परदेशातून दोन चांगले शेरे आले. आणि आता तू माईकवर 'हाय' म्हणतोस, पाठीमागे चारशे पोरं तेच ओरडतायत असं रेकॉर्डिंग लावतोस. सात वर्षांची मेहनत पाण्यात. तीही गुरुवारी.

गायिकेबद्दल. किंचाळते बरी. शब्द कळतात, हा दोष आहे. किंचाळीत शब्द कळले की श्रोता ते ऐकत बसतो.

आता मुद्द्याचं. सहावं गाणं, 'कोरसमध्ये'.

'ओठ हलतात, नुसते ओठ हलतात
पेटीला कळलंय, तबल्याला कळलंय
त्याला वाटतं, कुणाला कळलं नाही'

हे गाणं अल्बममधून काढा. काढलंत की दुसऱ्या दिवशी सही. कारण विचारू नकोस. ज्याने लिहिलंय त्याला ठाऊक आहे. त्या फेस्टिव्हलला जे झालं ते लॅपटॉप बंद पडल्यामुळे आणि सूरजचा ठेका सुटल्यामुळे झालं. मी चिडून स्टेजवरून एक वाक्य बोललो. एका वाक्यासाठी अडीच वर्षं तोंड बघत नाही तुम्ही, ते पुरेसं नव्हतं म्हणून आता गाणं?

सही फुकटात मिळणार नाही.

अनिरुद्ध


९ मार्च २०२५

उत्तरेश्वर,

स्वतः यायची हिंमत नव्हती म्हणून बाईला पाठवलंस. की तिने तुला विचारलंच नाही? तिच्याकडे बघून दुसरी शक्यता जास्त वाटते.

शनिवारी सकाळी अकराला बेल वाजली. आईने दार उघडलं. तुझी गायिका प्रियदर्शनी म्हणाली, "मी पाणीपुरवठ्यात असते, अनिरुद्ध आहेत का?" पुढचं वाक्य आईने ऐकलंच नाही. माझी आई सोसायटीची सेक्रेटरी आहे. तिने महापालिकेला पाण्याच्या कमी दाबाबद्दल चौदा अर्ज केले आहेत. पंधराव्याआधी साक्षात इंजिनिअर दारात बघून तिने तिला सरळ गच्चीवर नेलं. वीस मिनिटं टाकी बघितली. खाली आल्यावर तुझी गायिका म्हणाली, "काकू, दाब ठीक आहे. तुमचा बॉलव्हॉल्व्ह अडकलाय. प्लंबर बोलवा." म्हणजे चौदा अर्ज चुकीच्या कार्यालयाला. आईने मग आडनाव विचारलं. तिने सांगितलं. आई "अच्छा" म्हणाली. ते "अच्छा" तू ओळखतोस. तुझ्या आडनावालाही ते मिळालं होतं. प्रियदर्शनीने आईकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "हो. तेच." आई चहा टाकायला गेली.

मग ती माझ्यासमोर बसली, मांडीवर हेल्मेट.

"सहावं गाणं काढायचं म्हणताय."

"हो."

"का?"

"कारण ते माझ्यावर आहे."

"मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली.

"तुम्ही बघताय. उत्तरेश्वरने दहा वर्षं बघितलंय. लिहिलंय त्याने."

"मी लिहिलंय. माझ्या बाबांवर."

आणि सांगितलं. तुला माहीतच असेल, पण मला ज्या पद्धतीने सांगितलं ते लिहितो. तिचे वडील खडकीला फॅक्टरीत होते. विश्रांतवाडीत त्यांची गायनपार्टी होती, चौदा एप्रिल आला की महिनाभर घरी जेवायला नसायचे. सव्वीस वर्षं पुढे बसून गायले. मग घसा गेला. कुणाला सांगितलं नाही. एक दिवस उठून मागे कोरसच्या रांगेत जाऊन बसले, म्हणाले, नव्या पोरांना पुढे येऊ द्या. तिथे दीड वर्ष नुसते ओठ हलवायचे. पेटीवाल्याला माहीत होतं. तबलजीला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं.

"कुणी बोललं नाही?" मी विचारलं.

"नाही. कार्यक्रम झाला की मी म्हणायची, बाबा, आज छान झालं. ते म्हणायचे, हो ना, आज लागला होता आवाज." तिने हेल्मेटचा पट्टा एकदा उघडला, पुन्हा लावला. "मग गेले. गाणं मी चार वर्षांनी लिहिलं. आधी जमेना."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "शब्द साधे आहेत."

"हो. ते साधेच होते."

मग ती म्हणाली, "एक विचारू? ओठ हलतायत आणि आवाज नाही, असं गाणं ऐकून ते तुमच्यावर आहे असं तुम्हाला का वाटलं? बँडमधल्या कुणालाच तसं वाटलं नाही. मी विचारलं सगळ्यांना."

आईने तेवढ्यात चहा आणला. तिचा चहा आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला.

जाताना तुझी गायिका दारात म्हणाली, "सही नाही केलीत तर आम्ही नाव बदलू. मला फरक पडत नाही. पण उत्तरेश्वर म्हणतो, नाव चौघांनी मिळून मोठं केलंय, त्यात तुम्हीही आलात, म्हणून तो बदलत नाही." आणि हेही म्हणाली की तू माझी पत्रं सरावाच्या जॅमरूममध्ये मोठ्याने वाचतोस, आणि सूरज असला की त्याच्याबद्दलची वाक्यं गाळतोस.

सही केलेली नाही. खरं कारण ऐकायचंय? मला राग आलाय की ते गाणं माझ्यावर नाही. अडीच वर्षांत एक ओळ तरी माझ्यावर लिहायला काय हरकत होती?

अनिरुद्ध


२२ मार्च २०२५

उत्तरेश्वर,

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. किंवा वाच. सूरज असताना वाच, आणि काही गाळू नकोस.

फेस्टिव्हलच्या तीन महिने आधी मी टिळक रोडवरच्या एका डॉक्टरकडे गेलो होतो. माझ्या डाव्या स्वरतंतूवर गाठ होती. साधी, पण मोठी. ते म्हणाले, ओरडणं बंद करा, ऑपरेशन करू. मी त्यांना विचारलं, तुम्ही मेटलकोअर ऐकता का? ते म्हणाले, नाही. मी म्हणालो, मग तुम्हाला कळणार नाही. असा मी.

तुम्हाला सांगितलं नाही. का नाही, याची उत्तरं मी अडीच वर्षं बदलत आलोय. खरं एवढंच की गाठ झाली हे सांगितलं असतं तर मी चुकीचं ओरडतोय हेही सांगावं लागलं असतं. शास्त्र न शिकता, नुसता जोर लावून. आणि तुमचे उच्चार, तुमचे ठेके, तुमची गिटार सुधारणारा माणूस मी होतो.

व्हायोलिन आणि सिंथचा जो ट्रॅक आपण लॅपटॉपवरून लावायचो, तो मीच घरी तयार करायचो. त्यात मी अल्बममधल्या माझ्याच किंचाळ्या मिसळल्या. तुमच्या कानात फक्त क्लिक असायचा, तुम्हाला कळायचं कारण नव्हतं. तीन महिने, पाच कार्यक्रम, मी स्टेजवर माईक तोंडाशी धरून ओठ हलवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालास, "अन्या, आज फाडलंस." मी म्हणालो, "आज लागला होता आवाज." हो. अगदी तेच शब्द. त्या बाईने माझ्या घरात बसून ते वाक्य म्हटलं तेव्हा मला 'शब्द साधे आहेत' एवढंच सुचलं.

त्या दिवशी दुसऱ्या गाण्यात लॅपटॉप अडकला. व्हायोलिन गेलं, क्लिक गेला, माझा आवाज गेला. सूरजने काय केलं? त्याने एक मात्रासुद्धा सोडली नाही. क्लिकशिवाय, नुसत्या अंदाजाने त्याने गाणं धरून ठेवलं. तुम्ही दोघं त्याच्यावर उभे राहिलात. ठेका सुटला नव्हता, उत्तरेश्वर. मी हे तुला लिहून देतोय. फक्त गायकाचे ओठ हलत होते आणि काही येत नव्हतं. मी खरंच ओरडायचा प्रयत्न केला, तेव्हा नळ खोकतो तशी हवा आली. पुढच्या रांगेतली पोरं हसली.

मी माईक आपटला, म्हणजे माईक खराब होता असं वाटावं. तुझा ओढून घेतला. बोलण्याएवढा आवाज होता, दुर्दैवाने. आणि बाराशे लोकांसमोर म्हणालो, "सॉरी, आमचा ड्रमर लग्नाच्या बँडमधून उचलून आणलाय. याच्या बापजाद्यांनी नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजवलं, याच्याकडून दुसरं काय होणार?"

फेब्रुवारीतल्या पत्रात याला मी 'एक वाक्य' म्हणालो होतो. ही दोन आहेत.

ऑपरेशन नंतर झालं. उशिरा. आता बोलतो तेव्हा चाळणीत खडे घोळवल्यासारखा आवाज येतो. ऑफिसमध्ये मी लोकांना इंग्रजी उच्चार शिकवायचो, आता मला ईमेलचे नमुने लिहायला बसवलंय. फारसं कुणाचं बिघडलेलं नाही.

तुमचा अल्बम मी एकदाच ऐकलेला नाही. मोजलं नाही कितीदा ऐकला. आणि कान असलेला माणूस म्हणून एक गोष्ट सांगतो, जी तुला कुणी सांगणार नाही. या अल्बममध्ये नवीन काही नाही. सूरजचा तो रेंगाळणारा ठेका पहिल्या दिवसापासून होता, मी तो क्लिकने खरवडून काढला. तुझे तीन स्वर होते, मी त्यांत आठ घातले. तुझं 'हाय' होतं. पहिल्या अल्बममधून मला वजा केलं की दुसरा अल्बम उरतो. याला तुम्ही बँडची वाढ म्हणत असाल तर म्हणा. मी हिशोबात कच्चा नाही.

कागद अजून माझ्याकडेच आहे. तुला पाठवणार नाही. सही अडवावी असा राग तुझ्यावर नाहीच, आणि जी माफी मागायला हवी तीही तुझी नाही.

अनिरुद्ध


६ एप्रिल २०२५

उत्तरेश्वर,

तुला एव्हाना सूरजने सांगितलं असेल. तो मोजकं बोलतो, म्हणून उरलेलं मी लिहितो.

मंडईच्या मागच्या बाजूला सूरजच्या घरच्या लग्नाच्या बँडचं दुकान आहे, हे मला दहा वर्षं ठाऊक होतं. आत कधी गेलो नव्हतो. काल दुपारी गेलो. दारावर लाल कोट टांगलेले, सोनेरी झालरीचे. त्या कोटांवर मी किती विनोद केलेत ते तुला माहीत आहे. आत एक म्हातारे गृहस्थ मांडीवर क्लॅरिनेट घेऊन तिच्या चाव्या पुसत होते. सीतारामकाका, सूरजचे वडील.

"या, बसा," ते म्हणाले. "कधीचं लग्न?"

मी माफीची पाच वाक्यं पाठ करून गेलो होतो. चांगली होती. त्यांतलं एकही आठवेना. मी म्हणालो, "वीस मे."

"मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मुलाकडचे."

उत्तरेश्वर, मी त्यांना मंगल कार्यालयाचं नावही सांगितलं. ते वहीत लिहून घ्यायला लागले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही ते इंग्रजीत ओरडायचे ते ना? अनिरुद्ध? सूरज फार सांगायचा तुमच्याबद्दल. म्हणायचा, आमच्यात तोच काय तो शिकलेला."

म्हणजे त्याने घरी सांगितलंच नव्हतं. अडीच वर्षं. बापाला कळू नये म्हणून तो ते एकटाच घेऊन बसला होता, आणि मी आता त्याच बापाच्या समोर खोट्या लग्नाची तारीख देत होतो.

सूरज मागून आला. हातात भाजीची पिशवी. मला बघून दारातच थांबला.

"यांच्याकडे लग्न आहे," काका म्हणाले.

"कुणाचं?" सूरजने विचारलं.

"कुणाचंच नाही," मी म्हणालो. "सूरज, जरा बाहेर ये. बोलायचंय."

"इथेच बोल," तो म्हणाला. "तेव्हा सगळ्यांसमोरच बोलला होतास."

काका एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी वही मिटली नव्हती. मी ती दोन वाक्यं त्यांच्यासमोर म्हटली. जशीच्या तशी, बापजाद्यांसकट. कारण मला वाटलं, गुळमुळीत करून सांगितली तर ती पुन्हा सूरजलाच पुरी करावी लागतील. मग ठेका सुटला नव्हता हे सांगितलं, ओठ हलवल्याचं सांगितलं, आणि माफी मागितली. माझा आवाज असा की निम्मं त्यांना ऐकू आलं नसेल. काकांनी कान पुढे केला होता, म्हणजे आलं असावं.

काकांनी क्लॅरिनेट वहीशेजारी ठेवली. "घोड्यापुढे वाजवलं, हे खरंय," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनीही वाजवलं. त्यात खोटं काही नाही तुमचं." मग म्हणाले, "पण तुम्ही ते शिवीसारखं बोललात."

"हो."

"माईकवर?"

"हो."

"उद्या याच्या पोराने हे ऐकलं तर याला काय वाटेल, याचा विचार करा घरी जाऊन," ते म्हणाले, आणि वहीतली वीस मेची ओळ खोडली. एक रेघ नाही, चार-पाच, पेन दाबून.

मी ना हरकत पत्र काढून सही केली आणि सूरजपुढे धरलं. त्याने ते वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं.

"अल्बम ऐकलास?" त्याने विचारलं.

"ऐकला."

"'वरात'?"

"प्रत्येक मात्रा किंचित मागे आहे."

"मुद्दाम आहे."

"कळलं ते. बरोबर आहे."

या माणसाला मी सात वर्षांत एकदाही 'बरोबर' म्हटलं नव्हतं, आणि म्हणून टाकल्यावर मला वाटलं, आता काहीतरी होईल. सूरज म्हणाला, "मी विचारलं कारण बाबांनी ऐकावं, की तू ऐकलंस. तुझं मत नको होतं." मग पिशवीतली मेथी काढून वर्तमानपत्रावर पसरायला लागला.

माफ केलं असं तो म्हणाला नाही. तुला तसं काही सांगितलं असेल तर मला कळवू नकोस.

अनिरुद्ध


२ जून २०२५

उत्तरेश्वर,

काल आलो होतो. तिकीट काढून. दुपारी चारचा कार्यक्रम ठेवलात हे चांगलं केलंत, मेटल ऐकायला आलेल्या पोरांना घरी वेळेवर जेवायला पोचता आलं.

अभिप्राय. हॉलचा आवाज वाईट होता. बास तर भिंतीत मुरत होता, तनयाला सांग, पुढच्या वेळी स्वतः साउंड बघ, दुसऱ्यावर सोडू नकोस. तू दुसऱ्या गाण्यात सुरुवातीला चुकलास, आणि चुकून हसलास, आणि समोरचे लोकही हसले. आपल्या वेळी तू चुकलास की पुढची तीन गाणी माझ्याकडे बघत वाजवायचास.

'वरात'मध्ये सूरज जिथे रस्ता अडवतो तिथे पूर्ण हॉल श्वास धरून उभा राहिला. सीतारामकाका पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, कानात कापूस घालून. सूरजने सोडलं तेव्हा त्यांनी कापूस काढला.

'कोरसमध्ये'च्या आधी प्रियदर्शनीने काही भाषण केलं नाही, हे बरं. शेवटची ओळ आली तेव्हा तुम्ही सगळी वाद्यं थांबवलीत आणि तिने माईक खाली ठेवला. मला वाटलं आता लोक गातील, असल्या जागी लोकांकडून गाऊन घेण्याची स्वस्त युक्ती सगळेच करतात. पण तिने तुम्हाला कुणाला गायला लावलं नाही. ती नुसती ओठ हलवत उभी राहिली. आणि सातशे पोरं, जी एरवी एकमेकांना ढकलत असतात, तीही तेच करायला लागली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सातशे लोकांचे ओठ हलतायत आणि आवाज नाही. मी मेटलच्या कार्यक्रमात इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. मीही हलवले. या वेळी कुणाला फसवायचं नव्हतं.

गाणं संपल्यावर शेजारी उभी असलेली एक मुलगी डोळे पुसत होती. कॉलेजातली असावी, अंगात तुमचा नवा टी-शर्ट. मला म्हणाली, "काय जबरदस्त आहेत ना हे?"

"ठीक आहेत," मी म्हणालो.

"यांचा आधीचा अल्बम ऐकलात? मी लावला होता, दोन गाण्यांत बंद केला. कोणीतरी एक माणूस नुसता ओरडतो. काय म्हणतो तेच कळत नाही."

"त्यालाही कळत नव्हतं," मी म्हणालो.

ती हसली. माझ्या आवाजामुळे तिला पुन्हा विचारावं लागलं, मग नीट ऐकू आल्यावर पुन्हा हसली. स्टेजवर तू गिटार लावत होतास. एकदा वर बघितलंस. मला बघितलंस की मागची दारं बघितलीस ते कळलं नाही, आणि मी हात केला नाही.

"तुम्ही कधीपासून ऐकता यांना?" तिने विचारलं.

"याच अल्बमपासून," मी म्हणालो.

अनिरुद्ध